डवऱ्याचं पाणी

कर्जतहून परत आल्यापासून भेटेल तो विचारतो, माथेरान कसं वाटलं, कोंडाण्याची लेणी पाहिलीत का. दोन्ही पाहिलं नाही. माथेरानचा डोंगर सहा दिवस माझ्या खिडकीत उभा होता आणि कोंडाणं काही फार लांब नव्हतं. पण मी गेलो होतो एका आरोग्यभवनाच्या मैलापाण्यातले जंतू ओळखायला, आणि त्या सहा दिवसांतले निदान चार मी भीतीत काढले. घाबरलेल्या माणसाला देखावे दिसत नाहीत, त्याला फक्त स्वतःचं पोट ऐकू येतं. तेव्हा हे वाचून कुणी कर्जतचं तिकीट काढायला धावेल असं मला वाटत नाही.

मी मुंबईला एका जंतुशास्त्राच्या प्रयोगशाळेत मदतनीस आहे. आमच्या घरी हिला घाणीची नोकरी म्हणतात. संध्याकाळी घरी पोचलो की बायको मला मोरीत उभं करून हातांवर पाणी घालते, मगच आत येऊ देते. मैल्याच्या टाकीत जंतूंचा सुळसुळाट असतो, पण ते सगळे आपले वैरी नसतात. बहुतेक बिचारे मैला खाऊन त्याचं निरुपद्रवी पाणी करतात, टाकी चालते ती त्यांच्याच जिवावर. माझं काम त्यांची ओळख पटवण्याचं. जंतू गोल आहे, दांडीसारखा आहे की वाकडा. जांभळा रंग धरून ठेवतो की स्पिरिटने धुतल्यावर सोडून देतो. दुधातली साखर खातो की नाही. हवेत जगतो की हवेने मरतो. असे प्रश्न एकामागून एक विचारत गेलं की त्याचं कूळ लागतं. नऊ वर्षं मी हेच करत आलो, आणि खरं सांगायचं तर काचेच्या अलीकडे बसून करत आलो.

वैशाखात कर्जतच्या मामलेदारांचं पत्र आलं. कर्जतपासून दोन-अडीच मैलांवर डोंगराच्या पायथ्याला, आजारातून उठलेल्या मुंबईकरांसाठी एक आरोग्यभवन आहे. तिथे मैल्यासाठी नव्या पद्धतीची बंद टाकी बांधलेली असून तिचं पाणी ओढ्याला सोडतात. ओढ्याच्या खालच्या अंगाला ठाकरांची वाडी आहे. त्या वाडीत आठवड्याच्या आत दोन माणसं जुलाब-उलट्यांनी गेली. पोलीस पाटलाने लिहिलं, पटकी. आरोग्यभवनाचे चालक म्हणाले, आमची टाकी आरशासारखी आहे. पाण्यात पटकीचा जंतू आहे की नाही, एवढंच मामलेदारांना हवं होतं. आमचे डॉक्टरसाहेब मला म्हणाले, तुम्हीच जा. नको म्हणण्याइतका धीट मी नव्हतो.

सोमवार, कर्जत आणि वाडी

घाट चढण्यासाठी मागून जादा इंजिन जोडेपर्यंत गाडी कर्जतला बराच वेळ थांबते, म्हणून माझी पेटी सावकाश उतरवता आली. पेटीत सूक्ष्मदर्शक, काचेच्या थाळ्या, नळ्या, बाटल्या, सगळं गवतात गुंडाळलेलं. स्टेशनाबाहेर बैलगाडी मिळेना. लाकडाची मोळी विकून परत निघालेली एक ठाकरीण समोर आली आणि काही न विचारता चुंबळ डोक्यावर ठेवून उभी राहिली. चाळिशीची, काटक, गळ्यात पांढऱ्या मण्यांच्या माळा. तिचं नाव नवशी.

पेटी डोक्यावर चढली आणि माझा जीव टांगणीला लागला. ती पेटीला हातसुद्धा लावत नव्हती. मी मागून दोन्ही हात पुढे धरून चाललो होतो, पडलीच तर झेलावी म्हणून. कर्जतच्या बाजारात लोक थांबून बघत होते. नवशीने मान न वळवता विचारलं, पेटीत देव आहे काय. मी म्हटलं, काच आहे. मग हळू चालायला हवं, असं म्हणाली आणि होती त्याच वेगाने चालत राहिली.

वाटेत कळलं की ती त्याच वाडीची. गेलेल्या दोघांत एक तिचा दीर, पदू. सकाळी आरोग्यभवनात गवत कापायला गेला, दुपारी पोटावर हात धरून आला आणि दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत गेला. दुसरी शेजारची म्हातारी. हे सगळं तिने करवंदाच्या जाळीतली करवंदं तोडत तोडत सांगितलं. पहिलटकरीण मुलगी बुधी माहेरी आलेली, आठवा महिना लागलेला. आता तिचीच काय ती काळजी, म्हणाली. मग तिने माझ्याकडे नीट पाहिलं.

"पान्यात काय हाय ते बघाया आलाय ना तुमी?"

मी हो म्हटलं.

वाडी रस्त्यालगतच होती. कारवीच्या कुडाच्या, शेणाने सारवलेल्या आठ-दहा झोपड्या, एक जांभळीचं झाड आणि पलीकडे ओढा. ओढ्याला धार अशी उरलीच नव्हती. उन्हाळ्यात इथले लोक ओढ्याच्या वाळूत हात-दीड हात खड्डा उकरतात, त्यात झिरपून पाणी जमतं. त्याला डवरा म्हणतात. पाणी इतकं नितळ की तळाची वाळू मोजावी. नवशीने पेटी सावलीत उतरवली, सुक्या भोपळ्याच्या तुंब्यातून लोटा भरला आणि माझ्यापुढे धरला. आलेल्या माणसाला पाणी दिल्याशिवाय बोलायचं नाही अशी तिथली रीत आहे. आमच्या गिरगावातही पाणी देतात, पण कोण कोणाच्या हातचं पितो हे आधी पाहून घेतात.

इथे माझ्या अंगात सुधारक संचारला. त्या हिवाळ्यात मी दोन व्याख्यानं ऐकली होती, टाळ्याही वाजवल्या होत्या. वाडीतले दहा डोळे माझ्याकडे लागलेले. ब्राह्मण ठाकरणीच्या हातचं पितो की नाही, हेच ते बघत असणार असं मला वाटलं. मी लोटा घेतला, वर धरला आणि घटाघटा रिकामा केला. पाणी गार आणि गोड होतं. ज्या पाण्यात पटकी आहे का ते पाहायला मला धाडलं होतं, ते तपासण्याआधीच मी पिऊन मोकळा झालो. आणि हे माझ्या लक्षात आलं केव्हा, तर त्याच डवऱ्यातून नमुन्याची बाटली भरून तिच्यावर 'संशयित' अशी चिठ्ठी चिकटवताना.

आरोग्यभवन

टाकीची व्यवस्था दाऊदमियाँकडे होती. कोकणच्या किनाऱ्यावरचं घराणं, वडील कर्जतला येऊन स्थायिक झालेले. वय पंचावन्नच्या पुढे, स्वच्छ पांढरी दाढी, त्याहून स्वच्छ सदरा. त्यांनी मला आधी चहा पाजला आणि मग टाकी दाखवली, एखाद्याने घरातली दुभती म्हैस दाखवावी तशी. घाणीचा मागमूस नव्हता, येत होता तो फक्त फिनेलचा वास. तो माझ्या रोजच्या सवयीचा. तो आला की मला नेहमी आपल्या माणसांत आल्यासारखं वाटतं. टाकीतून निघालेलं पाणी खडीच्या एका वाफ्यावर पसरून मग ओढ्याला जातं. ती खडी पांढरीशुभ्र होती. दाऊदमियाँ दर पंधरवड्याला गडी लावून ती ब्रशाने घासून घेत आणि वर चुन्याची निवळी मारत.

"साहेब, सात वरसं टाकी माझ्याकडं हाय. एक माशी बसंल तर मला सांगा."

मी मनापासून वाहवा केली. हे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढे मी त्यांना जे बोललो त्यात ही वाहवा कुठे आली नाही.

एक खोली मला दिली होती. जंतू वाढायला माणसाच्या अंगाइतकी ऊब लागते. मुंबईत त्यासाठी कपाट गरम करावं लागतं, कर्जतच्या वैशाखाने ती खोली फुकट गरम करून ठेवली होती. त्याच उन्हाने जंतू पेरायला आणलेल्या माझ्या जिलेटिनच्या सगळ्या नळ्यांचा काढा करून टाकला. उरलेल्या थाळ्यांवर मी टाकीचं पाणी, वाफ्याचं पाणी आणि डवऱ्याचं पाणी पेरलं. पटकीचा जंतू धरण्यासाठी डवऱ्याचं थोडं पाणी पेप्टोनच्या, म्हणजे पचवलेल्या मांसरसाच्या, पाण्यातही घातलं, त्यात तो सगळ्यांच्या आधी वाढून पृष्ठभागावर साय धरतो.

मंगळवार

सकाळी टाकीच्या थाळ्या पाहिल्या. कोऱ्या. वाफ्याच्याही कोऱ्या. मैल्याच्या टाकीतून जंतू उगवू नये हे नऊ वर्षांत मी पाहिलं नव्हतं, पण आनंदाच्या भरात माणूस कारण विचारत नाही. मी तसाच बसून डॉक्टरसाहेबांना पत्र लिहिलं की टाकी उत्कृष्ट आहे, पाणी जवळजवळ निर्जंतुक निघतं. दाऊदमियाँना वाचून दाखवलं. त्यांनी दोन्ही हात छातीवर ठेवून मान लववली.

दुपारी डवऱ्याची पेप्टोनची नळी उचलली. वर पातळ साय आली होती. थेंब काचेवर घेतला, खिडकीशी बसलो, आरशाने ऊन आत घेतलं आणि डोळा लावला.

वाकडे होते. आपण वाक्यात स्वल्पविराम देतो तसे, शेकड्यांनी, आणि पाण्यातून सुया फेकाव्यात तशी त्यांची धाव. काच वाळवून रंगवली. जांभळा सोडला, गुलाबी धरला. पटकीच्या जंतूला विचारायचे जेवढे प्रश्न माझ्या पेटीत होते, तेवढ्या सगळ्यांना त्याने हो म्हटलं.

मी उठलो, पुन्हा बसलो. पोटात काहीतरी गुरगुरलं. ते पटकीचं होतं की सकाळच्या आंबेमोहराच्या भाताचं, हे सांगणारं शास्त्र अजून निघालेलं नाही. पाणी पिऊन चोवीस तास होत आले होते. पटकी कधी काही तासांत उठते, कधी पाच दिवस दबा धरून बसते. म्हणजे शनिवारपर्यंत. मी बोटांवर मोजलं आणि मग बोटं पुन्हा स्पिरिटने धुतली.

आमच्या कामातली एक गोष्ट इथे सांगायला हवी. नद्यानाल्यांत दिसायला हुबेहूब पटकीच्या जंतूसारखे, पण निरुपद्रवी असे वाकडे जंतू पुष्कळ असतात. दोघांतला फरक डोळ्याला दिसत नाही. त्यासाठी एक खास रक्तजल, म्हणजे सीरम, लागतं; त्याचा थेंब घातला की पटकीचे जंतू एकमेकांना चिकटून नासलेल्या दुधासारखे गोळे होतात, आणि बाकीचे तसेच पोहत राहतात. ते रक्तजल मुंबईला बर्फाच्या पेटीत होतं. उन्हात नासेल म्हणून मीच ते आणलं नव्हतं. पाठवून द्या, असं दुसरं पत्र लिहून मी कर्जतच्या टपालाला धाडलं.

मग वाडीवर गेलो. जाताना ठरवलं होतं सगळं सांगायचं, पण तिथे पोचल्यावर धीर झाला नाही. डॉक्टरसाहेबांची सक्त ताकीद होती की खात्री होईतो लोकांत घबराट करायची नाही, आणि माझ्या भित्रेपणाला ती ताकीद फार सोयीची पडली. मी नवशीला इतकंच म्हणालो की चार दिवस पाणी उकळून प्या. ती हसली.

"गरम पानी बाळंतिणीला देत्यात, नायतर मेल्याला आंघोळ घालाया. आमी मंधलीच हाव रं दादा."

बाजूला बुधी बसली होती, पोटावर तांदळाची पाटी टेकवून खडे निवडत. तिने तुंब्यातून पाणी ओतून घेतलं आणि माझ्यासमोर प्याली. मी वहाणा घातल्या आणि आरोग्यभवनाकडे निघालो.

बुधवार

बुधवारचं लिहिण्यासारखं काही नाही. दाऊदमियाँच्या घरून तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी आली होती. मी सुकट खात नाही, म्हणून त्यांनी वेगळं पिठलंही पाठवलं होतं. मी दोन्हीला हात लावला नाही. उकळता चहा तेवढा घेतला, आठ वेळा. दर तासाला आरशासमोर जीभ बाहेर काढून पाहिली. बायकोला पत्र लिहायला घेतलं, तेव्हा कळलं की मी पोरांची नावं लिहून पुढे काहीच लिहिलेलं नाही. दुपारी डॉक्टरसाहेबांचं उत्तर आलं. रक्तजल शुक्रवारी गार्डाच्या हाती बर्फात येईल. तोवर उद्या खालापूर तालुक्यात जाऊन खोपोलीची टाकी पाहून या, तीही याच नकाशावर बांधलेली आहे, आणि ताडून पाहण्यासाठी तिचेही नमुने घ्या. पत्राच्या शेवटी एक ओळ होती, मैल्याच्या टाकीतून निर्जंतुक पाणी निघणं ही चांगली बातमी आहे असं तुम्हाला कशावरून वाटलं? ती ओळ मी तीनदा वाचली.

गुरुवार, खोपोली

कर्जतहून खोपोलीला फाट्यावरची छोटी गाडी जाते. डाव्या हाताला घाटाची भिंत आणि तिच्यावरून उतरणारे वीजघराचे जाडजूड नळ. डब्यातले लोक कौतुकाने बोटं दाखवत होते. मी पोटावर हात ठेवून बसलो होतो.

तिथली टाकी एका मजूरवस्तीची. मुकादमाने नाकाला उपरणं लावूनच झाकण उघडलं, आणि असा दर्प आला की माझ्या डोळ्यांना पाणी आलं. खडीचा वाफा तर बघवेना. दगडांवर काळी-हिरवी बुळबुळीत साय, तिच्यावर माश्या. मुकादम ओशाळून म्हणाला की साफ करायला माणूसच मिळत नाही. पण त्या घाणेरड्या दगडांतून झिरपून खाली पडत होतं ते पाणी पाहिलं आणि मी तिथेच उकिडवा बसलो. ते स्वच्छ होतं. वासही फारसा नव्हता.

बोटाने दगडावरची साय खरवडली आणि काचेवर पुसून सोबत आणलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली धरली. त्या सायीचा जेवढा भाग बोटावर होता, तेवढ्यात एक अख्खं शहर राबत होतं. हीच ती मंडळी, मैला खाणारी. त्यांना हवं होतं ते एवढंच, की कुणी त्यांना साफ करू नये.

मग कर्जतचे पांढरे दगड आठवले, फिनेलचा वास आठवला, कोऱ्या थाळ्या आठवल्या. दाऊदमियाँची टाकी स्वच्छ नव्हती, ती मेलेली होती. दर पंधरवड्याला फिनेल ओतलं की आतले सगळे मरायचे. दोन-चार दिवसांत फिनेल वाहून गेलं की वरून नवा मैला यायचा, त्याला खायला आत कुणी नाही, आणि तो चुना मारलेल्या दगडांवरून जसाच्या तसा ओढ्यात जायचा. खाली डवऱ्यात वाळू त्याला गाळून नितळ करायची. नितळ आणि गोड.

मुकादमाकडून मी रॉकेलच्या एका रिकाम्या डब्यात त्या टाकीचा गाळ भरून घेतला. दुधाला विरजण लावावं तसा तो कर्जतच्या टाकीला लावायचा होता. परतीच्या गाडीत माझ्याभोवतीची बाकं वासाने जवळजवळ रिकामी झाली. एका मारवाड्याने विचारलं, डब्यात काय आहे. मी म्हटलं, विरजण. त्याने आपलं गाठोडं उचललं आणि तो दाराशी जाऊन बसला.

शुक्रवार

सकाळी मी वाफ्याचं पाणी पुन्हा घेतलं. सोमवारी नितळ होतं, आज गढूळ. दाऊदमियाँना शेजारी बसवून मी खोपोलीचं सगळं सांगितलं.  फिनेलचं आल्यावर ते म्हणाले, तुम्ही येणार हे कळलं म्हणून या वेळेला दोन डबे जास्त घातले.

मग त्यांनी विचारलं, "पदू गवत कापाया यायचा. जाताना त्याच वाफ्याखाली हातपाय धुवायचा. म्हंजे मी मारला का त्याला?"

मी म्हटलं, तसं सिद्ध झालेलं नाही. शास्त्राच्या दृष्टीने हे खरंच होतं. त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढून घडी केली, पुन्हा उलगडली, पुन्हा घडी केली. दुपारी त्यांनी फिनेलचे उरलेले डबे कुलपात घातले आणि खोपोलीचा गाळ स्वतःच्या हाताने टाकीत ओतला. सात वर्षांत त्यांनी प्रथमच सदऱ्यावर डाग पडू दिला.

चारच्या गाडीने बर्फाची पेटी आली. बर्फाचं पाणी झालं होतं, पण रक्तजलाची नळी गार होती. मी खिडकीशी बसलो. एका काचेवर डवऱ्याच्या जंतूंचा थेंब आणि मिठाचं पाणी, दुसऱ्या काचेवर त्यांचाच थेंब आणि रक्तजल. गोळे झाले तर पटकी. म्हणजे बुधीच्या पोटात पटकी, माझ्याही पोटात पटकी. पहिला थेंब टेबलावर पडला.

पाच मिनिटं पाहिलं. दहा मिनिटं पाहिलं. जंतू मोकळे पोहत होते. रक्तजल नासलं असेल म्हणून डॉक्टरसाहेबांनी सोबत पाठवलेल्या मेलेल्या पटकी-जंतूंवर तीच परीक्षा केली; ते क्षणात गोळा झाले. म्हणजे रक्तजल चोख होतं आणि डवऱ्यातला वाकडा पटकीचा नव्हता. मी दाऊदमियाँच्या घरून आलेल्या सगळ्या भाकऱ्या खाल्ल्या.

खाऊन झाल्यावर बाजूला सारलेली दुसरी थाळी हाती आली. डवऱ्याचं पाणी पेरलेली, दुधाच्या साखरेची. ती लाल ठिपक्यांनी भरून गेली होती. हे दांडीसारखे, दुधाची साखर खाणारे जंतू माणसाच्या आतड्यात राहतात. ते सहसा मारत नाहीत. पण पाण्यात ते इतके सापडले की त्या पाण्यात ताजा मैला आहे हे नक्की. ज्या वाटेने ते डवऱ्यापर्यंत आले, त्याच वाटेने पटकी आज आली नसेल तर उद्या येऊ शकते. महिन्याभरापूर्वी येऊन गेली नसेल असंही नाही. माझ्याकडे एका दिवसाची एक बाटली होती, नवशीकडे दोन मेलेली माणसं. मामलेदारांनी मात्र पटकीपुरतंच विचारलं होतं.

शनिवार

निघायच्या दिवशी वाडीवर गेलो. खिशात अहवालाचा मसुदा: पटकीचा जंतू आढळला नाही. दाऊदमियाँ सोबत होते. का येताय, हे मी विचारलं नाही.

नवशी जांभळीखाली बसली होती. मी तिला सांगितलं की पाण्यात पटकी नाही. तिने तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, मग प्यायचं ना. मी म्हटलं, पटकीचा जंतू सापडला नाही. ती म्हणाली ते कळलं, प्यायचं का नाही ते सांगा. मी लाल ठिपके, वाफा, खडी असं काहीतरी सांगू लागलो आणि मध्येच थांबलो. आरोग्यभवनाची तक्रार होईल, डॉक्टरसाहेब रागावतील, हे सगळं मध्ये येत होतं.

ती उठली, तुंब्यातून लोटा भरला आणि सोमवारसारखाच माझ्यापुढे धरला.

"सोमवारी पेलात. आता प्या."

मी लोटा घेतला. पाच दिवस संपले होते, मी धडधाकट होतो. रक्तजलाने साक्ष दिली होती, आणि ती परीक्षा मी स्वतः केली होती. लोटा ओठांपर्यंत नेला. पाणी हलायला लागलं. आधी वाटलं वारा आहे. पाणी माझ्या मनगटावर सांडलं, सदऱ्यावर सांडलं. मला ते पिता येईना. मला लाज वाटत होती, भीतीही वाटत होती, आणि भीती मोठी होती.

नवशीने लोटा माझ्या हातातून काढून घेतला. रागावली नाही. पाणी जांभळीच्या बुंध्याशी ओतलं.

"कळलं मला," म्हणाली. "बुधे, हंडा दे गं. वर जायाचं."

वर म्हणजे आरोग्यभवनाच्याही वर, जिथे ओढा डोंगरातून बाहेर येतो. चढ अर्ध्या तासाचा. त्या दिवशी आम्ही चौघं-पाचजण गेलो. दाऊदमियाँनी कुणाकडून कुदळ मागून घेतली आणि वाळूत नवा डवरा उकरला, कोपरापर्यंत चिखलात. नवशीने त्यांना नको म्हटलं नाही आणि आभारही मानले नाहीत. पाणी जमायला वेळ लागला. जमल्यावर तिने पहिला लोटा मला दिला आणि तो मी प्यालो.

मुंबईला आल्यावर मी अहवाल पुन्हा लिहिला. लाल ठिपक्यांचं लिहिलं, फिनेलचं लिहिलं, आणि शेवटी एक वाक्य घातलं: हे पाणी पटकीमुक्त असल्याची खात्री पटल्यावरही ते प्यायला मी स्वतः धजलो नाही. डॉक्टरसाहेबांनी बाकीचं ठेवलं आणि त्या वाक्यावर तांबडी रेघ मारली. हे निरीक्षण नव्हे, म्हणाले. मामलेदारांकडून त्या अहवालाचं पहिलं पान तेवढं आरोग्यभवनाला गेलं. पटकीचा जंतू आढळला नाही, हे वाक्य चालकांनी चौकटीत बसवून कचेरीत टांगलं आहे, असं दाऊदमियाँनी परवाच्या पत्रात कळवलं. टाकीला आता वास येतो, त्याबद्दल पाहुणे तक्रारी करतात, आणि दाऊदमियाँ त्या ऐकून घेतात.

त्याच पत्रात लिहिलं आहे की बुधीला मुलगी झाली. पावसात डवरे वाहून गेले आहेत, वर चढायची वाट निसरडी आहे, आणि वाडीतली माणसं पुन्हा दारातल्या ओढ्याचं पाणी भरतात. बुधी तेवढी बाळंतीण म्हणून सव्वा महिना गरम पाणी पिते आहे. त्यातले बारा दिवस झाले. उरलेले मी मोजतो आहे.